रॉय फ्रान्सिस : विंगवरून प्रशिक्षकाच्या बाकावर

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक आला १९६६मध्ये, बोस्टन सेल्टिक्सचा बिल रसेल. बेसबॉलच्या मेजर लीगमध्ये त्यासाठी १९७५ उजाडावं लागलं. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये टोनी कॉलिन्सच्या हाती रॉचडेल संघ आला १९६०मध्ये. या सगळ्यांच्या आधी, हंबर नदीच्या मुखावरच्या हल या मासेमारी बंदरात, एक कृष्णवर्णीय माणूस गोऱ्या गोदी कामगारांच्या आणि खलाशांच्या लाडक्या रग्बी लीग संघाला विजेतेपद मिळवून देऊन मोकळा झाला होता. त्याचं नाव रॉय फ्रान्सिस. क्रीडा इतिहासात त्याची ओळख ब्रिटनमधला पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक प्रशिक्षक अशी दिली जाते. ती खरी आहे, पण तेवढ्यावर थांबलं की तो माणूस करत काय होता हे बाजूलाच राहतं.

त्याआधी खेळाबद्दल थोडं. मुंबईकराला रग्बी म्हटलं की आझाद मैदानालगतचं बॉम्बे जिमखान्याचं मैदान आठवतं. तिथं खेळतात ते रग्बी युनियन. रग्बी लीग हे त्याचं वेगळं राहणारं भावंड, आणि भावंडांची ही वाटणी पैशावरून झाली. उत्तर इंग्लंडमधले बरेच खेळाडू खाणीत, गिरणीत, गोदीत कामाला. शनिवारी सामना म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे पगारात काट. गिरणगावात वाढलेल्या वाचकाला याहून जास्त सांगायला नको. उत्तरेच्या क्लबांचं म्हणणं एवढंच की खाड्याचे सहा शिलिंग आम्ही भरून देतो. दक्षिणेतल्या साहेब मंडळींना तो खेळाचा बाजार वाटला. शेवटी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. पहिल्या हंगामात २२ क्लब होते, त्यात विगन, लीड्स आणि हल हे तिघंही. ही तिन्ही नावं पुढे लागणार आहेत. १९०६पासून लीगमध्ये एका बाजूला पंधराऐवजी तेरा खेळाडू आले, नियम बदलत गेले आणि खेळ वेगवान झाला.

युनियनवाल्यांनी मग बहिष्काराचं हत्यार उपसलं. लीगचा पैसा घेतला की युनियनचं दार कायमचं बंद. हा बहिष्कार पार १९९५पर्यंत, म्हणजे युनियननं स्वतःच उघडपणे पैसे द्यायला सुरुवात करेपर्यंत चालला.

याची सगळ्यात मोठी झळ वेल्सला लागली. तिथे युनियन म्हणजे जवळपास धर्म, आणि घरात दारिद्र्य. १९३०च्या मंदीत दक्षिण वेल्सच्या कोळसा खोऱ्यांत गावंच्या गावं बेकार झाली. ब्रिनमॉर हे त्यातलंच एक, डोंगरमाथ्यावरचं. बेकारी इतकी की क्वेकर पंथाच्या लोकांनी येऊन तिथे फर्निचरचा कारखाना काढला, चार हातांना काम मिळावं म्हणून. १९१९मध्ये कार्डिफमध्ये जन्मलेला रॉय फ्रान्सिस या गावात वाढला, इथेच युनियन खेळला आणि १९३६मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, विगनशी करार करून उत्तरेला गेला. वेल्समध्ये याला नुसतं ‘उत्तरेला जाणं’ म्हणतात. ऐकणाऱ्याला बाकीचं कळतं.

कृष्णवर्णीय मुलांच्या बाबतीत या जाण्याला आणखी एक पदर होता. कार्डिफच्या गोदीच्या आसपास आफ्रिका, कॅरिबियन, अरबस्तान इथून आलेल्या खलाशांची वस्ती होती आणि तिथून एकाहून एक तेज पोरं निघत होती. पण वेल्सच्या युनियन संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू दिसला १९८३मध्ये, मार्क ब्राउन. मधल्या काळात बिली बोस्टन, क्लाइव्ह सलिव्हन अशी मंडळी उत्तरेत जाऊन ट्रायच्या (प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवणं म्हणजे ट्राय) राशी घालत होती. उत्तर इंग्लंड काही समतेचं नंदनवन नव्हतं. तिथे निदान क्लबला सामना जिंकायचा असे आणि जिंकून देणाऱ्याला पैसे मिळत.

फ्रान्सिसला तेही लगेच पुरतं मिळालं नाही. १९३८मध्ये हॅरी सन्डरलँड हा ऑस्ट्रेलियन विगनचा व्यवस्थापक म्हणून आला. फ्रान्सिस संघाबाहेर गेला आणि जानेवारी १९३९मध्ये त्याची रवानगी बॅरोला झाली. यामागे त्याचा रंग होता, असंच बहुतेक इतिहासकार मानतात. सन्डरलँडचं नाव लक्षात असू द्यावं, ते शेवटी पुन्हा येणार आहे.

बॅरो म्हणजे जहाजबांधणीचं गाव. तिथे तो स्थिरावतोय तोच युद्ध सुरू झालं. सैन्यात त्याला शारीरिक शिक्षणाचा प्रशिक्षक म्हणून काम मिळालं. मला त्याच्या चरित्रातला हा सगळ्यात कमी चर्चिला गेलेला आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो. दम कसा वाढतो, थकलेलं शरीर पुन्हा कसं उभं करायचं, शंभर तऱ्हांच्या माणसांना एका शिस्तीत आणताना कोणाला रागवायचं आणि कोणाच्या पाठीवर हात ठेवायचा, हे त्या नोकरीत रोज करावं लागतं. त्या काळच्या क्लबांत हे शिकवणारं कोणी नव्हतं.

युद्ध संपलं आणि १९४६मध्ये ब्रिटनचा संघ इंडोमिटेबल या विमानवाहू नौकेवरून ऑस्ट्रेलियाला निघाला. फ्रान्सिस तेव्हा चांगल्या भरात होता, पण यादीत नव्हता. ऑस्ट्रेलियात तेव्हा फक्त गोऱ्यांना स्थान देण्याचं सरकारी धोरण होतं, आणि यजमानांची अडचण नको म्हणून त्याला घरी ठेवलं, असं कारण सांगितलं जातं. कृष्णवर्णीय खेळाडू ब्रिटनच्या दौऱ्यावर गेला तो थेट १९५४मध्ये, बिली बोस्टन. फ्रान्सिसला ब्रिटनतर्फे एकच कसोटी मिळाली, डिसेंबर १९४७मध्ये ब्रॅडफर्डच्या ओड्सल मैदानावर, न्यूझीलंडविरुद्ध. त्यात त्याने दोन ट्राय केले. पुन्हा बोलावणं आलं नाही.

१९४८मध्ये तो वॉरिंग्टनला गेला आणि पुढच्याच वर्षी हलला. सगळे क्लब मिळून ३५६ सामन्यांत २२९ ट्राय. विंगरच्या, म्हणजे मैदानाच्या कडेनं धावणाऱ्या खेळाडूच्या मानानेही हा हिशेब दणदणीत आहे. पण हलला येईपर्यंत तो तिशीला टेकला होता, आणि वेगावर जगणाऱ्याला तिशी लवकर गाठते. क्लबनं त्याच्यावर प्रशिक्षणाची जबाबदारी सोपवली.

ही जबाबदारी म्हणजे नेमकं काय, हे तेव्हा कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. संघ निवडायचे संचालक, बंद खोलीत. मैदानाच्या कडेला असायचा तो ‘ट्रेनर’ : बादली, स्पंज, मालिशचं तेल. खेळाडू दिवसभर काम करून आठवड्यातून दोन संध्याकाळी सरावाला येत, मैदानाला फेऱ्या मारत, थोडं चेंडूशी खेळत आणि घरी जात. डावपेच ठरले तर ते अनुभवी खेळाडूंच्या आपसातल्या बोलण्यात.

फ्रान्सिसनं यात तीन-चार गोष्टी घुसवल्या, ज्या आज कोणत्याही संघात गृहीत धरल्या जातात. शारीरिक तयारी मोजून-मापून आणि प्रत्येकाच्या जागेप्रमाणे. सामन्यांचं चित्रीकरण करून खेळाडूंना त्यांच्या चुका दाखवणं, जे करणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्याची गणना होते. खेळाडूच्या मनाशी बोलणं, म्हणजे सगळ्यांना एकाच पट्टीत शिव्या न घालता एकेकाचा स्वभाव ओळखणं. आणि चौथी गोष्ट, जी मला सर्वांत त्याची स्वतःची वाटते : खेळाडूंच्या बायका-मुलांना क्लबमध्ये मान. त्यांना सामन्याला बोलवायचं, जाण्यायेण्याची सोय करायची, त्यांना घरच्यासारखं वागवायचं.

आठवडाभर खाणीत किंवा गोदीत राबणारा माणूस शनिवारीही बाहेर, सरावाच्या दोन संध्याकाळीही बाहेर. घरात कुरबुर होणारच, आणि ती कुरबुर तो मैदानात घेऊन येणार. हे फ्रान्सिसला कळलं, कारण सतराव्या वर्षापासून तो स्वतः परक्या गावात, परक्या घरात राहिला होता. एका क्लबनं नकोसा झाल्यावर त्याला दुसऱ्याकडे धाडलं होतं. क्लब माणसाला कसा वागवतो, याचा त्याचा अभ्यास पुस्तकी नव्हता.

फळ मिळायला वेळ लागला नाही. हलचं मैदान ‘बुलेव्हार्ड’, शेजारी हेसल रोडची मच्छीमारांची वस्ती, संघाची काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी. १९५६मध्ये लीग विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात हलनं हॅलिफॅक्सला १०-९ असं हरवलं, तेही अगदी शेवटी कॉलिन हटननं मारलेल्या पेनल्टीवर. दोन वर्षांनी वर्किंग्टनला २०-३ नमवून पुन्हा विजेतेपद. लंडनच्या वेम्बली मैदानानं मात्र छळलं. चॅलेंज कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत १९५९मध्ये विगनकडून १३-३० आणि १९६०मध्ये वेकफील्डकडून ५-३८, असे दोन लागोपाठ मार.

त्या संघातला लूज फॉरवर्ड जॉनी व्हाइटली हा फ्रान्सिसचा पट्टशिष्य म्हणायला हरकत नाही. १९६३मध्ये फ्रान्सिसनं हल सोडलं तेव्हा त्याची जागा व्हाइटलीनंच घेतली. दुसरा शिष्य आला डिसेंबर १९६१मध्ये. कार्डिफचा अठरा वर्षांचा सैनिक, ब्रॅमलीविरुद्ध चाचणी म्हणून नाव न छापता खेळवलेला. त्याने तीन ट्राय केले. तो क्लाइव्ह सलिव्हन. लहानपणी पायांवर इतक्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या की हा नीट चालेल की नाही, याचीच डॉक्टरांना शंका होती.

हलहून लीड्सला आल्यावर फ्रान्सिसच्या हाती पैसेवाला क्लब लागला आणि थोड्याच काळात एक अनुकूल नियमही. तोवर लीगमध्ये टॅकल (चेंडूवाल्याला पकडून पाडणं) कितीही वेळा झाला तरी चेंडू त्याच संघाकडे राहायचा; अंगानं दांडगा संघ मिनिटामागून मिनिटं चेंडू कवटाळून बसे. १९६६मध्ये मर्यादा आली, चार टॅकल. (आज सहा आहेत.) आता चार संधींत काहीतरी घडवायचं होतं, म्हणजे वेग आणि योजना हवी. फ्रान्सिसचा संघ नेमका तसाच घडवलेला होता. १९६७ आणि १९६८, दोन्ही वर्षी लीड्स गुणतक्त्यात अव्वल.

मग ११ मे १९६८. चॅलेंज कपचा अंतिम सामना, लीड्स विरुद्ध वेकफील्ड ट्रिनिटी. वेम्बलीवर असा पाऊस कोसळला की मैदानाचं तळं झालं, आणि सामन्याला ‘वॉटरस्प्लॅश फायनल’ हेच नाव पडलं. एवढं काटेकोर नियोजन करणाऱ्या प्रशिक्षकाच्या आयुष्यातला सर्वांत मोठा सामना निव्वळ घसरगुंडीवर खेळला जावा, हा नशिबाचा खोडकरपणा. लीड्सतर्फे बेव्ह रिझमननं चार गोल मारले. त्याचा बाप गस रिझमन हा १९४६च्या त्या दौऱ्यावरचा कर्णधार. फ्रान्सिसविना गेलेल्या संघाच्या कप्तानाचा मुलगा आता फ्रान्सिसच्या संघात होता.

अखेरच्या क्षणी ११-७ अशी आघाडी लीड्सकडे. वेकफील्डच्या केन हर्स्टनं चेंडू लाथाडत नेला आणि थेट खांबांच्या मधोमध ट्राय केला. ट्रायचे तेव्हा तीन गुण, म्हणजे ११-१०. उरला होता ट्रायनंतर मिळणारा किक, खांबांसमोरचा, सोपा, दोन गुणांचा. मारणारा डॉन फॉक्स, ज्याला त्या दिवशीचा सर्वोत्तम खेळाडू ठरवून झालं होतं. चेंडू ओल्या बुटावरून निसटून उजवीकडे गेला. फॉक्स चिखलात गुडघ्यांवर बसला आणि लीड्सनं कप उचलला. ब्रिटनमध्ये आजही हा क्षण दाखवतात तो फॉक्सचा म्हणून. जिंकलेला प्रशिक्षक कोण होता, हे विचारलं तर फार हात वर येणार नाहीत.

त्यानंतर फ्रान्सिसनं लीड्स सोडलं आणि जिथे बावीस वर्षांपूर्वी त्याला नेलं नव्हतं तिथेच गेला, ऑस्ट्रेलियात. सिडनीच्या नॉर्थ सिडनी क्लबचा तो १९६९ आणि १९७०मध्ये प्रशिक्षक होता. गोऱ्यांच्या ऑस्ट्रेलियाचं धोरण अजून पुरतं मोडीत निघालेलं नव्हतं. विजेतेपद आलं नाही. पण त्या क्लबचं शेवटचं विजेतेपद १९२२चं, तेव्हा हा दोष एकट्या फ्रान्सिसच्या माथी मारण्यात अर्थ नाही. परतल्यावर त्याने पुन्हा हल, पुन्हा लीड्स असा फेरा केला. १९७५मध्ये लीड्सनं सेंट हेलन्सला २६-११ हरवून पहिलीवहिली प्रीमियरशिप (हंगामाअखेरची स्पर्धा) जिंकली तेव्हा प्रशिक्षक तोच होता. शेवटी दोन वर्षं ब्रॅडफर्ड. १९८९मध्ये तो गेला.

त्याच्या नावावरच्या चषकांपेक्षा त्याच्या शिष्यांकडे पाहिलं तर वेगळाच हिशेब लागतो. १९७०मध्ये ब्रिटननं ऑस्ट्रेलियात जाऊन ॲशेस जिंकली. रग्बी लीगमध्येही ॲशेस असते. ब्रिटननं जिंकलेली ती शेवटची. त्या संघाचा प्रशिक्षक होता जॉनी व्हाइटली. १९७२मध्ये ब्रिटननं फ्रान्समध्ये विश्वचषक जिंकला, तोही शेवटचाच. लियोंच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाशी १०-१० बरोबरी झाली, सरस कामगिरीवर चषक ब्रिटनला, आणि जवळपास अख्खं मैदान पार करून ट्राय करणारा कर्णधार होता क्लाइव्ह सलिव्हन, ब्रिटनच्या कुठल्याही खेळातल्या राष्ट्रीय संघाचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार. हलमध्ये शिरणाऱ्या मुख्य रस्त्याला आज त्याचं नाव आहे.

आणि सन्डरलँड. विगननंतर त्याने पत्रकारिता केली, खेळात मोठा मान मिळवला, आणि त्याच्या मृत्यूनंतर विजेतेपदाच्या अंतिम सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूला हॅरी सन्डरलँड करंडक देण्याची पद्धत १९६५मध्ये पडली. ती अजून चालू आहे. १९९८मध्ये सुपर लीगची, म्हणजे तिथल्या अव्वल लीगची पहिली ग्रँड फायनल ओल्ड ट्रॅफर्डवर झाली. विगननं लीड्सला १०-४ हरवलं आणि करंडक मिळाला सामन्यातला एकमेव विगन ट्राय करणाऱ्या जेसन रॉबिन्सनला. विंगवर नाव कमावलेला खेळाडू, बाप जमैकन, आणि अंगात जर्सी विगनची.