काळ्या मातीतले ऑल-टेरेन: बडोद्याच्या टायरखरेदीमागचा इतिहास

बडोद्यात थार, जिम्नी किंवा गुरखा घेतली की पहिल्या पावसाळ्याआधी टायरचा विषय निघतोच. गाडीबरोबर आलेले ठेवायचे की जाड नक्षीचे ऑल-टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांसाठीचे, घालायचे? घातले तर कुठल्या कंपनीचे? आणि ते चिखलात खरंच चालतात का? शेवटच्या प्रश्नाला दुकानदार मान डोलावून मोकळा होतो. पण या टायरचा इतिहास पाहिला तर उत्तर इतकं सोपं राहत नाही. हा टायर घडला कोरड्या जमिनीवर, आणि आपल्याकडे आहे कानम.

कानम म्हणजे पादरा, करजण, डभोईपासून भरुचकडे पसरलेला कपाशीच्या काळ्या जमिनीचा पट्टा. या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात तिच्यावरून स्कूटरही जाते, जुलैत मात्र माणसाची चप्पल निघत नाही. असल्या मुलखातून कापूस बाहेर काढणं किती अवघड होतं, हे डभोईच्या नॅरोगेज रेल्वेवरून कळतं. खंडेराव महाराजांच्या काळात, १८६२ साली, डभोई ते मियागाम रूळ पडले आणि त्यांवरून डबे ओढायला चक्क बैल जुंपले. रूळ हलके होते, इंजिनाचं वजन त्यांना पेलण्यासारखं नव्हतं. इंजिनं आली ती १८७३ च्या सुमारास. इतिहासाच्या पुस्तकांत याकडे गंमत म्हणून पाहिलं जातं. मला त्यात रस्त्याची अडचण जास्त दिसते.

हवेच्या टायरचा आरंभ झटकन सांगून टाकतो. रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्ये पेटंट घेतलं, पण ते विस्मरणात गेलं. १८८८ मध्ये डनलॉप यांनी बेलफास्टला तीच कल्पना सायकलीसाठी नव्याने मांडली आणि ती चालली. पुढे रबरात कार्बन ब्लॅक मिसळायला लागले तेव्हा टायर काळा झाला आणि कित्येक पट टिकू लागला.

चिखलाशी खरी गाठ पडली ती ट्रॅक्टरमुळे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फायरस्टोनने लोखंडी चाकांच्या जागी हवेचे टायर बसवून दाखवले. त्यावर तिरके, उंच, एकमेकांपासून लांब दांडे होते. चाक फिरताना दोन दांड्यांमधला चिखल आपोआप बाहेर फेकला जातो, आणि काळ्या मातीत सगळी मदार त्या मोकळ्या जागेवर असते. चारही चाकांना ताकद देणारी वीसेक लाखांची गाडी शेतात रुतली की शेवटी ओढायला शेजारचा ट्रॅक्टरच का येतो, याचं कारण हेच.

जीप आली ती दुसऱ्या महायुद्धातून. तिच्या ६.००-१६ मापाच्या टायरवरची नक्षी पुढे-मागे सारखीच होती, त्यामुळे टायर कुठल्याही बाजूने चढवता येई. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि हे माप आपल्याकडे रुळलं. जुन्या जीपवाल्यांकडे आजही तेच ऐकू येतं. अरुंद टायर, आत नायलॉनचे आडवे-तिरपे थर. १९८५ ला आलेल्या जिप्सीलाही एफ७८-१५ मापाचा नायलॉन टायरच होता. रस्त्यावर तो धडधडायचा आणि तापायचा, पण बाजूला दगड लागला तरी सहसा फाटायचा नाही. शिवाय अरुंद असल्यामुळे वरचा चिखल कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोचायचा.

मिशलँने १९४६ मध्ये रेडियलचं पेटंट घेतलं तेव्हा डांबरी रस्त्याचं गणितच बदललं. धागे एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरळ नेले, नक्षीखाली पोलादी पट्टा घातला. टायर जमिनीवर सपाट बसू लागला, कमी तापू लागला, जास्त टिकू लागला. पण बाजू पातळ झाली, म्हणून कच्च्या रस्त्यावरची मंडळी रेडियलकडे बरीच वर्षं संशयाने पाहत राहिली. तो संशय १९७६ मध्ये बीएफगुडरिचने मोडला. त्या वर्षी आलेला त्यांचा रेडियल ऑल-टेरेन हा त्या जातीचा पहिला टायर मानला जातो. आठवडाभर ऑफिस आणि रविवारी डोंगर, असा वापर करणारे अमेरिकन पिकअपवाले हे त्याचं गिऱ्हाईक. त्याचं नाव जोडलं गेलं ते मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या शर्यतींशी. तिथे वाळू आहे, दगड आहेत, धूळ आहे. कानमसारखा चिखल तिथे नाही.

त्या जमिनीची सही टायरवर अजून आहे. ऑल-टेरेनची नक्षी जवळून पाहिली तर ठोकळे एकमेकांत गुंतवलेले दिसतात. मधल्या खाचा हायवे टायरपेक्षा रुंद, पण खास चिखलासाठीच्या मड-टेरेनपेक्षा बऱ्याच अरुंद. खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात, ते अडकलेला खडा बाहेर ढकलतात. खडकाळ रस्त्यासाठी हे उत्तमच. पण डभोईकडच्या शेतवाटेवर पावसानंतर शंभरएक मीटर गेलात की खाचा भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. स्क्रू-ड्रायव्हरने उकरलं तर आधी मातीचा लगदा निघतो, मग त्यात अडकलेली वाळकी पानं आणि गांडो बावळ म्हणजे वेड्या बाभळीचा काटा. तो काटा जाड रबरात अर्ध्यावरच थांबलेला असतो. हा मात्र ऑल-टेरेनचा खरा फायदा. साध्या टायरला तिथे पंक्चर ठरलेलं.

गंमत अशी, की टायरचा बराच कच्चा माल आणि कारखाने बडोद्याच्या आसपास गोळा झाले आहेत. कोयलीची रिफायनरी १९६५ ची, आयपीसीएल ही पेट्रोरसायन कंपनी १९६९ ची. आज रिलायन्सकडे असलेल्या त्या संकुलात पॉलिब्युटाडाईन रबर बनतं, जे टायरची झीज कमी करतं. दगडाने लचका तुटू नये यासाठी लागणारं नैसर्गिक रबर मात्र मुख्यतः केरळातून येतं. अपोलोची सुरुवातही तिथलीच: पहिला कारखाना पेरंब्राला, १९७७ मध्ये. वाघोडिया तालुक्यातल्या लिमड्याचा कारखाना १९९१ चा. पारुल विद्यापीठाला जाणाऱ्या मुलांना तो ठाऊक असतो. पावागडच्या पायथ्याशी हालोलला सिएट आहे. दोन्ही कंपन्यांच्या यादीत आता ऑल-टेरेन आहेत, अपोलोचा अॅप्टेरा एटी२ आणि सिएटचा झार एटी.

हे देशी टायर दुकानात पुढे यायला दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या. जून २०२० मध्ये केंद्राने नव्या टायरची आयात ‘प्रतिबंधित’ यादीत टाकली, म्हणजे परवान्याशिवाय माल येणं बंद. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला नवी थार आली, २५५/६५ आर१८ अशा मापाच्या (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिमचा व्यास इंचांत) ऑल-टेरेनवर, थेट शोरूममधून. तोवर हा शौक मोजक्या लोकांचा होता. परदेशी टायर मिळेपर्यंत थांबायचं आणि मिळेल तो भाव द्यायचा. आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये तसले टायर दिसतात. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली, त्यानंतर उंच गाडीचं आकर्षण आणखी वाढलं असं माझं निरीक्षण आहे. पण पुराच्या पाण्यात कामाला येते ती गाडीची उंची. नक्षीचा त्यात वाटा फारसा नाही.

मग बडोदेकराने घ्यावेत का? माझ्या मते कुठे जाता यावर ते ठरतं. जांबुघोड्याचे खडकाळ रस्ते, मही नदीची कोतरं म्हणजे घळी, छोटाउदेपूरकडे ओरसंग नदीचं वाळूचं पात्र, या तिन्ही ठिकाणी ऑल-टेरेन आपल्या घरी असतो. वाळूत हवा अठरा-वीस पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि गाडी तरंगल्यासारखी निघते. परतताना रस्त्यावर येण्याआधी हवा भरायची, नाहीतर टायर तापतो. कानमात मात्र पावसाळ्यात तो तुम्हाला हायवे टायरपेक्षा थोडं पुढे नेऊन तिथेच रुतवतो. रोजचा प्रवास अलकापुरी ते मकरपुरा असेल, तर मिळेल तो फक्त आवाज आणि थोडा जास्त पेट्रोलचा खर्च.

मापाबाबत उत्साह आवरावा. जिम्नीच्या १९५/८० आर१५ ऐवजी २१५/७५ आर१५ घातला तर व्यास साधारण ६९३ वरून ७०३ मिलिमीटर होतो, म्हणजे दीड टक्का, आणि स्पीडोमीटर तेवढाच कमी दाखवतो. याहून मोठ्या उडीला आधी वळणावर चाकाच्या कमानीत घासतंय का ते पाहावं लागतं. टायरच्या बाजूवर भाराचा आकडा १११ असेल तर एक टायर १०९० किलो पेलतो; मूळ टायरच्या आकड्याखाली जाऊ नये. आयएसआय खूण हवीच. अंडाकृती चौकटीतले चार आकडे वाचायचे: २२२५ म्हणजे २०२५ चा बाविसावा आठवडा. एम+एस अक्षरांवर बडोद्यात पैसे मोजायचं कारण नाही, त्यातला एस बर्फाचा. आणि चार नवे घेतले तर स्टेपनीही त्याच मापाची घ्या: फोर-व्हील ड्राइव्ह लावलेला असताना एक चाक वेगळ्या घेराचं असेल तर ताण थेट ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्यावर, येतो, आणि त्या दुरुस्तीच्या पैशात टायरचा अख्खा सेट येतो.