ग्राफिक्स कार्ड घेताना ‘किती जीबीचं?’ हे शेवटी विचारा

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

फोनवर पहिला प्रश्न बहुधा हाच येतो: “चार जीबीचं कार्ड आहे का?” आहे की, आणि बऱ्याच जातींचं आहे. जीटी ७३० हे मॉडेल चार जीबीत मिळतं, जीटी १०३०सुद्धा मिळतं. आरएक्स ६४०० आणि जीटीएक्स १६५० तर चार जीबीतच येतात. खोक्यावर ‘४ जीबी’ सगळ्यांच्याच ठसठशीत अक्षरांत असतं. पण डीडीआर३ (जुन्या, हळू प्रकारच्या) मेमरीच्या जीटी ७३०पेक्षा जीडीडीआर६ (नव्या, वेगवान प्रकारच्या) मेमरीच्या जीटीएक्स १६५०ची मेमरी तेरा पटीहून जास्त वेगाने माहिती पुरवते. आमच्याकडे ‘कार्ड स्लो आहे’ म्हणून परत येणारी बरीचशी कार्डं तपासणीत ठणठणीत निघतात. ती फक्त चुकीच्या आकड्यावरून घेतलेली असतात.

म्हणून हे पत्रक. खाली दिलेले आकडे खोक्याच्या मागच्या बाजूला किंवा कंपनीच्या साइटवर सापडतात. शोधायला पाच मिनिटं लागतात.

जीबी म्हणजे जागा, वेग नव्हे

टाकी मोठी आणि नळ बारीक असेल तर बादली भरायला वेळ लागतोच. कार्डावरची जीबी म्हणजे टाकी. नळाची जाडी ठरते दोन गोष्टींवर: मेमरी बसची रुंदी, म्हणजे किती बिट, आणि मेमरीचा वेग, म्हणजे किती गिगाबिट प्रति सेकंद. दोन्हींचा गुणाकार करून ८ने भागा. उत्तर येतं ते सेकंदाला किती जीबी माहिती जाते-येते ते. याला बँडविड्थ म्हणतात. स्वस्तातल्या कार्डांत फसगत होते ती इथेच.

करून बघा. जीटी ७३०, डीडीआर३, ६४ बिट, १.८ गिगाबिट: उत्तर १४.४ जीबी. त्याच नावाचं जीडीडीआर५ कार्ड, तेही ६४ बिट, पण मेमरीचा वेग ५ गिगाबिट: उत्तर ४०. नाव एक, चिपवरचे कोअर, म्हणजे आकडेमोड करणारे भाग, तेसुद्धा तेवढेच, ३८४. तरीही मेमरीच्या वेगात पावणेतीन पटीचा फरक. गंमत म्हणजे डीडीआर३वालं बहुतेक वेळा २ किंवा ४ जीबीत येतं आणि जीडीडीआर५वालं १ किंवा २ जीबीत. जीबी बघून घेणारा ग्राहक नेमका हळू कार्ड उचलतो, आणि ‘मोठं घेतलं’ म्हणून खूश असतो.

जीटी १०३०चं तसंच. २०१७ मध्ये ते जीडीडीआर५ मेमरीसह आलं, ४८ जीबी बँडविड्थचं. पुढच्याच वर्षी त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचं आलं, १६.८ जीबीचं. गेममध्ये दुसरं कार्ड कित्येकदा पहिल्याच्या निम्म्यावर येतं. खोक्याच्या पुढच्या बाजूला फरक ओळखायला फक्त ‘डी४’ किंवा ‘डी५’ असं मॉडेल क्रमांकाच्या शेपटीला असतं, तेही बारीक. आमच्या बिलावर मेमरीचा प्रकार आणि बस रुंदी आम्ही पूर्ण लिहितो, ती एवढ्यासाठीच. दुसरीकडून घेत असाल तरी बिलावर ते लिहून मागा. द्यायला नाराजी दिसली तर काय समजायचं ते समजा.

आता तुलनेला एक आकडा. मदरबोर्डवर डीडीआर४ ३२०० रॅमच्या दोन पट्ट्या जोडीने लावल्या की त्यांची बँडविड्थ ५१.२ जीबी होते. म्हणजे रायझन ५६००जीसारख्या प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्सला जी मेमरी मिळते ती जीटी १०३०च्या चांगल्या आवृत्तीपेक्षाही वेगवान असते, आणि काम साधारण त्याच पातळीचं होतं. असा प्रोसेसर असेल आणि रॅमची एकच पट्टी लावलेली असेल, तर आम्ही कार्ड विकत नाही. दुसरी पट्टी लावायला सांगतो. यात आमचा नफा कमी होतो, पण महिन्याभराने “काहीच फरक पडला नाही” हे ऐकण्यापेक्षा ते परवडतं.

मग जीबी कुठे कामाला येते? गेमची टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं) मेमरीत मावली नाहीत तर कार्ड ती संगणकाच्या रॅमवरून ओढतं आणि चित्र झटके खातं. चांगल्या बँडविड्थच्या कार्डात ४ आणि ६ जीबीमधला फरक म्हणूनच खरा असतो. १४ जीबी बँडविड्थच्या कार्डात २चे ४ जीबी केले तरी कार्डाचा दम आधीच संपलेला असतो.

कोअर आणि मेगाहर्ट्झ

कोअरची संख्या एकाच कंपनीच्या एकाच पिढीत तुलनेला वापरा, इतरत्र नको. जीटी ७३० आणि जीटी १०३० दोन्हींत ३८४ कोअर आहेत. दुसरं पिढीने नवं आहे, त्याचं घड्याळ, म्हणजे चिपचा वेग, ९०२ मेगाहर्ट्झऐवजी बूस्टला (जोर लावल्यावर) १४६८पर्यंत जातं, आणि दोघांची बरोबरी होऊच शकत नाही. ‘ओसी एडिशन’ म्हणजे कारखान्यातच घड्याळ थोडं वाढवलेलं कार्ड. या किमतीच्या वर्गात तो फरक डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी जास्त पैसे देऊ नका, आमच्याकडेही नको.

खोक्यावरच्या मोठ्या शब्दांविषयी

‘४के सपोर्ट’ म्हणजे ४के मॉनिटरवर चित्र दिसेल, ४के गेम चालेल असं नव्हे. जीटी ७१०वर एचडीएमआय १.४ असतं. त्यातून ४के फक्त ३० हर्ट्झवर (सेकंदाला ३० चित्रं) मिळतं, आणि माउसचा बाण ओढल्यासारखा सरकतो. ४केला ६० हर्ट्झ हवे असतील तर एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ किंवा पुढचं लागतं.

‘डायरेक्टएक्स १२’ (गेम आणि कार्ड यांच्यातला विंडोजचा दुवा) हेही तसंच. केप्लर पिढीची कार्डं, म्हणजे जीटी ७१० आणि बहुतेक जीटी ७३०, डायरेक्टएक्स १२ समजतात. पण त्यांची फीचर लेव्हल, म्हणजे त्यातल्या किती सोयी कार्डाला खरोखर जमतात ती पातळी, ११_० आहे. १२_० मागणारा गेम सुरूच होत नाही, सरळ एरर देतो. शिवाय या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) २०२१ पासून मिळत नाहीत, आणि सुरक्षा अपडेटही २०२४ पर्यंतचेच. ऑफिसच्या जुन्या संगणकाला दुसरा मॉनिटर जोडायचा, एवढ्याच कामासाठी आम्ही ती ठेवतो. गेमसाठी मागितलीत तर आधी दोनदा विचारू, रागावू नका.

व्हिडिओचं काम असेल तर आणखी एक बघा. यूट्यूबवरचा ४के व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ प्रकारात येतो. केप्लर कार्डं यातलं काहीच स्वतः उलगडत नाहीत, सगळा भार प्रोसेसरवर पडतो. जीटी १०३० व्हीपी९ उलगडतं, एव्ही१ नाही. आरएक्स ६४००लाही एव्ही१ जमत नाही. आरटीएक्स ३०५०ला जमतं. इंटेल आर्क ए३१० आणि ए३८० तर एव्ही१ उलगडतातही आणि तयारही करतात. स्क्रीन रेकॉर्डिंग किंवा लाइव्ह करणाऱ्यांनी जीटी १०३० आणि आरएक्स ६४०० टाळावीत, कारण दोन्हींत व्हिडिओ एन्कोडरच (व्हिडिओ तयार करणारा भाग) नाही. हे खोक्यावर कुठेही लिहिलेलं नसतं.

वीज

मदरबोर्डचा लांब स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. जीटी १०३० (३० वॅट), आरएक्स ६४०० (५३ वॅट), आरटीएक्स ३०५०चं ६ जीबीवालं (७० वॅट) आणि जीटीएक्स १६५०ची काही मॉडेलं एवढ्यात भागवतात, त्यांना वेगळी वायर लागत नाही. आरटीएक्स ३०५०चंच ८ जीबीवालं मात्र १३० वॅटचं आहे, त्याला वायर लागते. नाव तेच, वीज जवळजवळ दुप्पट. इथेही नावावर जाऊ नका.

एसएमपीएसवर (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) मोठ्या अक्षरात ‘४५०’ असलं म्हणजे ४५० वॅट असं नाही, बऱ्याच स्वस्त एसएमपीएसवर ते फक्त मॉडेलचं नाव असतं. स्टिकरवर +१२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर लिहिलंय ते वाचा आणि १२ने गुणा. १६ अँपिअर असतील तर १९२ वॅट. त्यात प्रोसेसर, पंखे, हार्ड डिस्क आणि कार्ड सगळंच बसायला हवं. नाहीतर गेम सुरू झाला की संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होतो, आणि दोष कार्डावर येतो.

साटा (हार्ड डिस्कच्या विजेच्या) वायरीवरून कार्डाला लागणारी ६ पिन करणारं कन्व्हर्टर आम्ही विकत नाही, कितीही मागितलं तरी. साटाच्या जोडणीची क्षमता १२ व्होल्टवर ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. ६ पिनची जोडणी ७५ वॅट मागू शकते. जास्तीचा भार प्लॅस्टिक वितळवतो.

जागा आणि स्लॉट

बारीक कॅबिनेटला लो प्रोफाइल कार्ड लागतं. त्याची पत्र्याची पट्टी सुमारे ८ सेंमी असते, नेहमीच्या कार्डाची १२ सेंमी. काही कार्डांसोबत दोन्ही पट्ट्या येतात, काहींसोबत नाही. कार्ड एका खाचेचं की दोन, आणि पुढे हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला अडतं का, हे फूटपट्टीने मोजूनच सांगा. लॅपटॉपमध्ये यातलं कुठलंही कार्ड बसत नाही.

आरएक्स ६४०० दिसायला लांब स्लॉटचं असलं तरी वापरतं फक्त ४ लेन, म्हणजे माहिती जायच्या चारच वाटा. पीसीआय एक्स्प्रेस (या स्लॉटची जोडणी) ४.०च्या बोर्डावर त्या ४ लेनना सेकंदाला सुमारे ८ जीबी मिळतात, ३.०च्या बोर्डावर सुमारे ४. जुन्या बोर्डावर त्यामुळे हे कार्ड जास्त अडखळतं, खास करून चार जीबी भरल्यावर. आर्क कार्डांचं दुखणं वेगळं. त्यांना रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी बोर्डाची सोय) लागतो, तो साधारण इंटेलच्या १०व्या पिढीपासून किंवा रायझन ३०००पासूनच्या बोर्डांवर मिळतो. तो नसेल तर आर्क घेऊच नका.

जोडल्यावर

‘कार्ड लावलं पण काही बदललं नाही’ असा फोन करण्याआधी मॉनिटरची वायर कुठे लावली आहे ते बघा. ती कार्डाच्या पोर्टमध्ये हवी, वरच्या मदरबोर्डच्या पोर्टमध्ये नव्हे.

जुन्या व्हीजीए मॉनिटरसाठी: डीव्हीआय-डी पोर्टमधून साध्या अडॅप्टरने व्हीजीए निघत नाही. त्यात अ‍ॅनलॉग सिग्नलच नसतो. सर्किट असलेलं, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागतं. डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय ही साधी वायर कार्डाकडून मॉनिटरकडे चालते, उलट दिशेने चालत नाही.

टास्क मॅनेजरमध्ये २ जीबीच्या कार्डाला ‘जीपीयू मेमरी’ १० जीबी दिसली तर आनंदू नका. १६ जीबी रॅमपैकी निम्मी विंडोज त्यात धरतं. कार्डाची खरी मेमरी ‘डेडिकेटेड’च्या ओळीत असते.

खरी तपासणी जीपीयू-झेड या फुकट प्रोग्रॅमने होते. मेमरी टाइप, बस विड्थ आणि बँडविड्थ हे तीन रकाने बिलाशी ताडून घ्या. ‘बस इंटरफेस’मध्ये शेवटी १.१ दिसलं तर घाबरू नका. काम नसताना कार्ड वीज वाचवायला वेग उतरवतं. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालवली की खरा आकडा वर येतो. जुन्या चिपवर नवं नाव चढवलेली बनावट कार्डं बाजारात असतात. जीपीयू-झेड त्यातली बरीच ओळखतं आणि नावापुढे ‘फेक’ लिहितं. जीटीएक्स १०५० टीआय म्हणून घेतलेल्या कार्डाला निळा व्हीजीए पोर्ट असेल तर संशय घ्यायलाच हवा, कारण त्या पिढीच्या चिपमध्ये अ‍ॅनलॉग आउटपुट नाही.

ऑर्डरआधी आम्ही चार फोटो का मागतो

एसएमपीएसचं स्टिकर, मदरबोर्डवर छापलेलं मॉडेल, कॅबिनेट आतून, आणि मॉनिटरच्या मागचे पोर्ट. काहींना ही चौकशी जास्त वाटते. पण या चार फोटोंवरून वीज, स्लॉट, जागा आणि वायर हे चारही प्रश्न कार्ड हलण्याआधीच मिटतात. सोबत कुठला गेम किंवा सॉफ्टवेअर चालवायचं आणि मॉनिटर किती हर्ट्झचा, एवढं लिहा. फोटो पाठवलेल्या ग्राहकाचं कार्ड बसलं नाही, तर बदलून देणं आमच्याकडे लागू. फोटो न पाठवता फक्त ‘चार जीबी’ म्हणून मागवलेलं आणि सील फोडलेलं कार्ड ‘स्लो आहे’ या कारणाने परत घेतलं जात नाही. बिघाड असेल तर वॉरंटी अर्थातच आहे. कार्ड आणताना पट्टी, स्क्रू आणि खोका सोबत आणा, आणि सिरियल क्रमांकाचं स्टिकर कृपया काढू नका.