जाहीर सभेची परवानगी, सभा उधळली तर आणि लाठी चालली तर : अर्ज, कागदपत्रे, तक्रार

मैदानात, चौकात किंवा रस्त्यावर सभा, धरणे, मोर्चा घ्यायचा असेल तर महाराष्ट्रात पोलिसांची लेखी परवानगी घ्यावी लागते. बंद सभागृहात व्याख्यान किंवा परिसंवाद असेल तर सहसा एवढा खटाटोप लागत नाही. नुसत्या माहितीचे पत्र पोलीस ठाण्यात देऊन पोच घेतली तरी पुढे उपयोगी पडते. नाटक किंवा एकांकिका असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे संहितेला दिलेले प्रमाणपत्र जवळ ठेवा. कार्यक्रम बंद पाडायला आलेला माणूस आधी त्याच कागदावर बोट ठेवतो.

अर्ज कोण करू शकतो

शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९(१)(ख) ने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. त्यामुळे संस्था नोंदणीकृतच हवी असे नाही. मात्र जबाबदार आयोजक म्हणून कोणाचे तरी नाव, पत्ता आणि मोबाईल क्रमांक द्यावाच लागतो. दोन-तीन जणांची नावे दिलेली बरी, कारण गुन्हा दाखल झाला तर तो आधी अर्जदारावरच होतो.

अर्ज ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत कार्यक्रम आहे तिथल्या वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे करायचा. ठाण्यात तो बहुधा गोपनीय शाखेचा अंमलदार हाताळतो. मिरवणूक किंवा मोर्चा असेल तर वाहतूक शाखेचेही पत्र लागते, आणि मार्ग दोन ठाण्यांच्या हद्दीतून जात असेल तर दोन्हीकडे अर्ज द्या.

सोबत हे जोडा : आयोजकांचे ओळखपत्र, जागामालकाचे किंवा पालिकेचे संमतिपत्र, मंडप असेल तर पालिकेची आणि अग्निशमन दलाची परवानगी, वक्त्यांची नावे, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, मोर्चाचा नकाशा, स्वयंसेवकांची यादी, ध्वनिक्षेपक पुरवणाऱ्याचे नाव आणि अटी पाळण्याचे हमीपत्र. गर्दीचा आकडा खरा लिहा. परवानगी लवकर मिळावी म्हणून २०० लिहिले आणि २,००० आले, तर बंदोबस्त तोकडा पडतो आणि अट मोडल्याचा ठपका तुमच्यावर येतो. २९ ऑगस्ट २०२५ च्या मराठा आरक्षण आंदोलनाला मुंबईच्या आझाद मैदानात परवानगी देताना पोलिसांनी एक दिवस, सकाळी ९ ते संध्याकाळी ६ आणि ५,००० माणसे अशा अटी घातल्या होत्या. त्या मोडल्या आणि प्रकरण थेट उच्च न्यायालयापुढे उभे राहिले.

ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी असते, ती सभेच्या परवानगीत आपोआप येत नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर भोंगा बंद. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो. समोर दवाखाना आहे का, हे जागा ठरवतानाच बघा.

अर्ज दोन प्रतींत न्या. दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. ठाण्यात प्रत घेतली नाही तर तोच अर्ज त्याच दिवशी पोलीस आयुक्त किंवा अधीक्षकांना ईमेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवा.

जमावबंदी लागू असेल तर

महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(१) आणि ३७(३) खालचे आदेश एका वेळी १५ दिवसांपर्यंतचे असतात आणि बऱ्याच जिल्ह्यांत ते पाठोपाठ निघत राहतात. म्हणून आदेशाची प्रत मिळवून पूर्ण वाचा. अनेकदा त्यात 'सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय' असे शब्द असतात. तसे असेल तर बंदी सरसकट नाही, अर्जाचा रस्ता उघडा आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम १४४ च्या जागी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ आले आहे. त्याखालचा आदेश दोन महिन्यांपर्यंत टिकतो, आणि तो केवळ मतभेद दडपण्यासाठी वापरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात सांगितले आहे.

परवानगी नाकारली तर

तोंडी नकार म्हणजे नकार नव्हे. कारणासह लेखी मागा. 'कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न' एवढे मोघम वाक्य न्यायालयात फारसे टिकत नाही. हिंमतलाल शहा प्रकरणात १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अहमदाबादमधला सभाबंदीचा नियम रद्द केला, आणि तो नियम याच १९५१ च्या अधिनियमाखाली केलेला होता, तेव्हा त्याचे नाव मुंबई पोलीस अधिनियम होते. रस्त्यावरच्या सभेचे नियमन करता येते, पण कोणतेही निकष न ठेवता अधिकाऱ्याच्या मर्जीवर ती सोडता येत नाही, हा त्यातला मुद्दा.

नकाराचे नेहमीचे कारण म्हणजे 'अमुक संघटनेचा विरोध आहे'. इथे ठाम राहायला हवे. विरोधकांनी धमकी दिली म्हणून बोलणाऱ्याचे तोंड बंद करता येत नाही. धमकी देणाऱ्याला आवरणे हे सरकारचे काम आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या १९८९ च्या एस. रंगराजन निकालात स्पष्ट म्हटले आहे. भाषणावर मर्यादा आहेतच, पण त्या कलम १९(२) मधल्या : देशाची सार्वभौमता व सुरक्षा, परराष्ट्रसंबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. कोणाच्या भावनांना ठेच लागली एवढ्याने भाषण या यादीत बसत नाही. मात्र धर्म, जात किंवा भाषेवरून द्वेष पसरवला तर भारतीय न्याय संहितेचे कलम १९६ लागते आणि परवानगीचा कागद तिथे वाचवत नाही.

कार्यक्रम तोंडावर आला असेल तर वेळ न दवडता राज्यघटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करा. त्यासाठी पोच असलेला अर्ज आणि लेखी नकार हे दोनच कागद सर्वात जड ठरतात.

गोंधळ झाला तर

धमकी आली असेल तर बंदोबस्तासाठी वेगळे पत्र द्या आणि धमकीचा संदेश किंवा पोस्ट छापून जोडा. गोंधळ सुरू झाल्यावर व्यासपीठावरून उत्तर देऊ नका. स्वयंसेवकांनी हात उगारला की दोन गट भांडले अशी नोंद होते आणि दोन्हीकडे गुन्हे पडतात. ११२ वर फोन करा. बंदोबस्तावरच्या अधिकाऱ्याला गोंधळ घालणाऱ्यांना बाहेर काढायची विनंती करा आणि तीच विनंती ठाण्याच्या नंबरवर लेखी पाठवा.

निवडणूक जाहीर झालेली असेल आणि सभा राजकीय असेल तर लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चे कलम १२७ हाताशी आहे. अध्यक्षाने विनंती केली की पोलीस गोंधळ घालणाऱ्याचे नाव-पत्ता विचारू शकतात, आणि त्याने ते दिले नाही तर वॉरंटशिवाय अटक करू शकतात. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कलम सभाध्यक्षांना बहुधा ठाऊकच नसते.

बळाचा वापर कधी कायदेशीर

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ चा क्रम साधा आहे. कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने, तो नसेल तर किमान उपनिरीक्षकाने, आधी पांगण्याचा हुकूम द्यायचा. लोक पांगले नाहीत तरच बळ, तेही पांगवण्यापुरते. पळणाऱ्याचा पाठलाग करून मारणे किंवा खाली पडलेल्यावर लाठी चालवणे यात बसत नाही. हुकूम ऐकू आला का, किती वाजता दिला, पांगायला वाट मोकळी होती का, हे तीन प्रश्न पुढच्या प्रत्येक चौकशीत येतात. म्हणून ध्वनिचित्रण करणाऱ्याने लाठीच्या आधीची दहा मिनिटेही टिपायला हवीत.

दिल्लीच्या रामलीला मैदानात ४ जून २०११ च्या रात्री बाबा रामदेव यांच्या आंदोलनातल्या झोपलेल्या लोकांवर पोलीस कारवाई झाली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृत महिलेच्या वारसांना ५ लाख, गंभीर जखमींना ५०,००० आणि किरकोळ जखमींना २५,००० रुपये द्यायला सांगितले. त्याच वेळी आयोजक ट्रस्टलाही २५ टक्के निष्काळजीपणासाठी जबाबदार धरले. आयोजकांनी हा भाग दोनदा वाचावा.

मार लागला असेल तर

आधी सरकारी रुग्णालय गाठा आणि एमएलसी (पोलीस प्रकरण म्हणून होणारी वैद्यकीय) नोंद करा. कोणी मारले आणि कशाने, हे डॉक्टरांना सांगा आणि ते लिहिले गेले का बघा. लाठीचा वळ बहुधा दोन समांतर लाल रेषांचा असतो, मधली जागा फिकट राहते. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि पुढचे काही दिवस रोज काढत राहा, कारण वळाचा रंग बदलतो आणि त्यावरून दिवस ताडता येतो. व्हिडिओची मूळ फाइल ज्या फोनवर काढली तिथेच ठेवा. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत दाबलेली, म्हणजे दर्जा घटलेली असते. न्यायालयात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्रही जोडावे लागते.

फिर्याद ठाण्यात घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली अधीक्षकांना लेखी द्या, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. ठाण्यात मारहाण झाली असेल तर सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज लगेच टाका. माहिती अधिकारात १० रुपये भरून स्टेशन डायरीतील नोंद आणि बंदोबस्ताचा आदेश मागा.

गंभीर दुखापत किंवा बेकायदा अटक असेल तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे प्रतिज्ञापत्रासह तक्रार करता येते. राज्य मानवी हक्क आयोगाकडे शुल्क नाही, पण घटनेपासून एक वर्षाच्या आत जावे लागते. जमाव पांगवताना केलेल्या कृतीसाठी पोलिसांवर खटला चालवायला त्याच संहितेच्या कलम १५१ प्रमाणे सरकारची पूर्वमंजुरी लागते. त्यामुळे फौजदारी तक्रारीवरच विसंबू नका, आयोगाकडचा अर्ज मुदत संपण्याआधी दाखल करून ठेवा.