पाच पायांची बाजू आणि गोचिडीची कात

एका बाजूला पाच पाय फुटलेल्या गोचिडीचा फोटो मोबाइलवर फिरत येतो आणि खाली 'म्युटंट गोचीड, चावली तर मरण' असा मजकूर असतो. यात तथ्य नाही. जास्तीचे पाय, एकीकडे कललेलं शरीर, क्वचित अर्धं अंग नराचं आणि अर्धं मादीचं, हे सगळं प्राणिशास्त्राला शंभराहून अधिक वर्षं ठाऊक आहे.

खरं नवल आहे ते कात टाकण्यात. अंड्यातून निघते ती सहा पायांची अळी. पोटभर रक्त पिऊन ती गळून पडते आणि कात टाकून आठ पायांची निंफ, म्हणजे अर्धवट वाढलेली गोचीड, होते. पुन्हा तसंच झालं की प्रौढ. बाहेरून गोचीड निपचित दिसते, पण आत कातडी जुन्या कवचापासून सुटते, लाळग्रंथी मोडून नव्याने घडतात, तुटलेला पायसुद्धा परत उगवतो. तो बऱ्याचदा आखूड निघतो. पुढच्या पायाच्या टोकाला हॅलरचं इंद्रिय असतं, जनावराच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड टिपणारं. पुन्हा उगवताना तेही कधी अपुरं राहतं. जास्तीचा पाय मात्र बहुधा अंड्यातच ठरतो. गर्भाचे खंड पडत असताना उष्णता वाढली की घडण बिघडते.

या सगळ्या मोडतोडीतून जंतूंनाही तगावं लागतं. गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाचा जिवाणू, बोरेलिया, तिच्या आतड्यात थांबतो आणि पुढचं रक्त मिळू लागलं की लाळग्रंथींकडे सरकतो.

रशियात सेंट पीटर्सबर्गच्या परिसरात अलेक्सेयेव आणि दुबिनिना या संशोधकांना कवच बिघडलेल्या गोचिडींत कॅडमियम हा विषारी धातू जास्त आढळला, जंतूही जास्त वेळा सापडले. पण म्हणून व्यंगामुळे जंतू शिरतात असं ठरत नाही, आणि धडधाकट गोचीड निर्धोक तर मुळीच ठरत नाही.

आपल्याकडचा, गोचिडींमुळे पसरणारा माकडताप बघा. १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात तो ओळखला गेला, २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात त्याची साथ आली. याचा विषाणू अळीतून निंफमध्ये कात ओलांडून जातो, आणि माणसाला चावतात त्या मुख्यतः निंफच. खसखशीएवढ्या त्या जिवाचे पाय कोण मोजणार? काजूच्या हंगामात रानातून आल्यावर अंग तपासा. चिकटलेली गोचीड रॉकेल ओतून किंवा काडीने चटका देऊन काढू नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तीन ते आठ दिवसांत ताप भरला, तर रानात गेलो होतो हे डॉक्टरांना आधी सांगा.