सव्वा इंची पाइपचा हिशेब

फायर स्प्रिंकलरचे पाइप गंजून गळायला लागले की प्रश्न येतो: जुना पाइप एक इंची होता, आता सव्वा इंची टाकला तर चालेल का? काही जण उलटं विचारतात, दोन इंचीच्या जागी दीड इंचीत भागेल का? दीड इंचीचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच येतं. सव्वा इंचीचं उत्तर 'हो' असावं असं वाटतं, पण तिथेही गोम आहे.

पाइपमधून वाहताना पाण्याचा दाब घर्षणामुळे घटत जातो. स्प्रिंकलरच्या कामात ही घट हेझन-विल्यम्स सूत्राने काढतात. त्यात आतल्या व्यासाचा ४.८७ वा घात येतो, म्हणजे जवळपास पाचवा. मिनिटाला ८० लिटर, म्हणजे एका स्प्रिंकलरचं पाणी शेड्यूल ४० च्या (शेड्यूल म्हणजे भिंतीच्या जाडीचा क्रमांक) एक इंची स्टील पाइपमधून दहा मीटर नेलं, तर सुमारे ०.३२ बार (बार हे दाबाचं एकक) दाब जातो. सव्वा इंचीत जेमतेम ०.०९ बार. त्याच एक इंचीत दोन स्प्रिंकलरचं, म्हणजे १६० लिटर पाणी सोडलं, तर घट १.१ बारच्याही वर जाते. गंजाचा हिशेबही असाच. एक इंचीत आतून चौफेर दीड मिलिमीटर थर साचला तर पाण्याच्या वाटेचं क्षेत्रफळ पाचव्या हिश्शानेच घटतं, पण दाबातली घट सुमारे ८० टक्क्यांनी वाढते. वर खडबडीतपणा आहेच.

आणि पाइपवर छापलेला इंच हे नुसतं नाव. एक इंची स्टील पाइपचा बाहेरचा व्यास ३३.४ मिलिमीटर, आतला शेड्यूल ४० मध्ये २६.६, तर पातळ भिंतीच्या शेड्यूल १० मध्ये २७.९. त्यामुळे 'तोच साइज' बसवला तरी गणित बदलतं.

मोठ्या पाइपने दाब वाचत असेल तर बिघडलं कुठे? के-८० स्प्रिंकलर (हा आकडा तोंडातून किती पाणी जातं ते सांगतो) १ बार दाबाला मिनिटाला ८० लिटर पाणी टाकतो, अर्ध्या बारला सुमारे ५७. म्हणजे तोंडाशी दाब वाढला की पाणीही जास्त जातं. आग लागली की सगळे स्प्रिंकलर एकदम उघडत नाहीत, उष्णता पोहोचेल तेवढेच उघडतात. त्यातले पंपाच्या जवळचे रुंद पाइपमुळे गरजेपेक्षा जास्त पाणी ओढतात. पंपाचा प्रवाह वाढला की त्याचा दाब उतरतो आणि ठरावीक मिनिटांच्या हिशेबाने बांधलेली टाकी लवकर रिकामी होते. एवढ्याने यंत्रणा कुचकामी होईल असं नाही. पण जागच्या जागी साइज वाढवला की फायदाच होणार, हे गृहीत धरता येत नाही.

कोरड्या यंत्रणेत, म्हणजे पाइपमध्ये पाण्याऐवजी दाबाची हवा असते तिथे, मोठ्या पाइपची आणखी एक अडचण. आधी हवा बाहेर पडायला हवी, मग पाणी येणार. पाइपचं आकारमान वाढलं की हा उशीरही वाढतो.

जुनी यंत्रणा कशी आखली होती, हे आधी शोधावं. पूर्वी तक्त्यावरून साइज ठरायचे. अमेरिकेच्या एनएफपीए १३ या स्प्रिंकलर यंत्रणेच्या मानकात कमी धोक्याच्या जागी स्टीलसाठी एक इंचीवर २ स्प्रिंकलर, सव्वा इंचीवर ३, दीडवर ५, दोनवर १० असा हिशेब होता. आता तो तक्ता मुख्यतः जुन्या यंत्रणेतल्या फेरफारापुरता उरलाय. नव्या यंत्रणेत प्रत्येक तुकड्याचं हायड्रॉलिक कॅल्क्युलेशन, म्हणजे दाब आणि प्रवाहाचं गणित, करतात आणि डिझायनर एकेका तुकड्याचा साइज अगदी घासून ठरवतो. तिथे स्प्रिंकलर मोजून साइजचा अंदाज बांधायला गेलं तर फसगत ठरलेली. रायझरजवळ, म्हणजे यंत्रणेला पाणी पुरवणाऱ्या मुख्य उभ्या पाइपजवळ, लावलेल्या पाटीवर डिझाइनचे आकडे असतात. साइज, शेड्यूल किंवा पाइपचं मटेरियल, यातलं काहीही बदलायचं तर ते गणित नव्याने करून घ्यावं, आणि पाटीही बदलावी. पाइप टांगून धरणाऱ्या हँगरकडेही बघावं, कारण पाण्याने भरलेला मोठा पाइप जड असतो आणि जुने हँगर त्या वजनासाठी लावलेले नसतात.