तारचाक व हब : झीज-तपासणी

तारचाक म्हणजे ताणलेल्या पोलादी तारांवर तोललेले चाक. जुन्या मोटारींत ते दातेरी (स्प्लाइनच्या) हबवर, म्हणजे आसाच्या टोकावरील तुंब्यावर, सरकवून मधल्या एकाच नटाने आवळतात. या जोडीची झीज कशी ओळखावी, हे येथे मुख्यतः एम.जी.बी. (१९६२–८०) या ब्रिटिश मोटारीच्या ६० तारांच्या चाकाला धरून दिले आहे.

ताणलेल्या तारांच्या चाकाची कल्पना ब्रिटिश अभियंते जॉर्ज केली यांनी १८०८ मध्ये मांडली. सायकलीपुरते श्रेय पॅरिसचे यूजीन मेयर (पेटंट १८६९) आणि इंग्लंडचे जेम्स स्टार्ली यांच्यात वाटले जाते. पेटंटाचा पुरावा पाहता मेयर यांची बाजू अधिक भक्कम वाटते. मोटारीचे झटपट निघणारे चाक रज-व्हिटवर्थ कंपनीने साधारण १९०८ च्या सुमारास आणले.

बैलगाडीत वजन तुंब्याखालच्या आऱ्यावर दाबाने बसते. तारचाकात सर्वच तारा आधी ताणलेल्या असतात आणि जमिनीकडच्या तारांचा ताण वजनाने कमी होतो. त्यामुळे एक तार सैल पडली की तिचा भार शेजारच्या तारांवर जातो आणि त्याही कोपराशी (हबजवळच्या वाकाशी) तुटू लागतात.

हब व मधल्या नटाच्या आट्यांच्या दिशेबद्दल बराच गोंधळ आढळतो. गाडीच्या डाव्या बाजूला सुलटे (घड्याळाच्या दिशेने आवळणारे) आटे, उजव्या बाजूला उलटे. म्हणजे नट चाकाच्या पुढे जाण्याच्या दिशेने सुटतो. वेग घेताना नट जडत्वाने मागे राहून आवळतो, असे स्पष्टीकरण काही जण देतात. परंतु ब्रेक लावताना तेच जडत्व उलट काम करील. भाराने घडणाऱ्या सूक्ष्म लोळण्याचे स्पष्टीकरण अधिक पटते. नटाचा पोकळ शंकू चाकाच्या शंकूवर बाहेरून बसतो. चाकाच्या दृष्टीने भाराची जागा उलट दिशेने फिरत राहते, आणि मनगटाभोवती सैल बांगडी लोळावी तसा नट त्या जागेबरोबर किंचित सरकत आवळतो. हब डाव्या-उजव्या बाजूंची अदलाबदल करून बसवले तर हीच क्रिया नट सोडवते व चाक निखळते.

तपासणीत आधी बेअरिंग पाहावे. चाक उचलून वर-खाली धरून हलवावे. पुढच्या हबची अक्षीय चाल (आसाच्या दिशेतील ढिलाई) ०.०५ ते ०.१० मि.मी. असावी व ती शिम (पातळ चकत्या) घालून-काढून साधावी. मग मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगून चाक पुढे-मागे झटकावे. हब स्थिर राहून चाक ‘टक्’ करून हलले तर स्प्लाइन झिजली आहे. मागची चाके इंजिनाचा जोरही पेलतात, म्हणून ती सहसा आधी जातात.

चाक काढून दोन्हीकडचे दात रॉकेलने धुवावेत. चांगल्या दाताचा माथा सपाट असतो. झिजलेला दात करवतीसारखा टोकदार होतो, आणि त्याच्या बाजूवरून नख फिरवल्यास पायरी लागते. विटकरी भुकटी हे कोरड्या घासणीचे लक्षण. झिजलेल्या हबवर नवे चाक कधीही चढवू नये: जुने दात नवे दात लवकरच खातात. दोन्ही एकत्रच बदलावेत. शंकूंना मार्किंग ब्लू (स्पर्शाची जागा दाखवणारा निळा लेप) लावून चाक आवळून काढावे. निळा पट्टा सलग न उमटता कडेलाच उमटला तर बैठक गेलेली आहे.

तारांवर पान्याने हलकेच टिचकी मारावी. ताणलेली तार खणखणते, सैल तार बद्द वाजते. रिमचा आउट (फिरताना दिसणारी डगमग) साधारण १.५ मि.मी.हून अधिक नसावा. आउट काढताना गंजलेला निपल (तार ताणणारा रिमवरचा छोटा नट) जबरदस्तीने फिरवल्यास तारच पिळते. निपलबाहेर आलेले तारेचे टोक कानशीने घासून वर रिमटेप (ट्यूबचे रक्षण करणारी पट्टी) लावावी, नाहीतर ट्यूब फुटते.

बसवताना दात, शंकू व आट्यांना ग्रीसचा पातळ हात द्यावा. नट चाक उचललेले असतानाच तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोड्याने आवळावा. चाक जमिनीवर असले की वजनाने शंकू एका बाजूला दाबले जातात. सुमारे ८० कि.मी. नंतर पुन्हा पाहावे. सुरुवातीच्या एम.जी.बी. हबवर इंचाला १२ आटे असत, नंतरच्यांवर ८. चुकीचा नट एखादा फेरा धरून अडकतो आणि हबचे आटे खराब करतो.