सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क योजना

सॉफ्टवेअरची निर्यात वाढवण्यासाठी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने आखलेली योजना. ती राबवणारी सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया (एसटीपीआय) ही स्वायत्त संस्था जून १९९१ मध्ये नोंदली गेली. पुणे, बंगळूर आणि भुवनेश्वर ही सुरुवातीची केंद्रे.

१९८४ च्या संगणक धोरणाने आयात शुल्क कमी केले आणि सॉफ्टवेअरला उद्योग म्हणून मान्यता दिली. तरीही परवान्यांसाठी दिल्लीच्या खेपा चालूच होत्या, आणि परदेशी ग्राहकाचे काम करायचे तर प्रोग्रामरलाच विमानात बसवून पाठवावे लागे. १९८५ मध्ये बंगळुरात आलेल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने उपग्रहाद्वारे थेट जोडणी मिळवली. छोट्या कंपनीला ते कुठून परवडणार?

एसटीपीआयने नेमकी हीच अडचण हेरली. तिने स्वतःची उपग्रह भूकेंद्रे उभारली आणि तिथून कंपन्यांच्या गच्चीवरच्या अँटेनापर्यंत मायक्रोवेव्हने जोडणी दिली. ६४ केबीपीएसची (सेकंदाला ६४ हजार बिट वाहणारी) लाइन आज हास्यास्पद वाटेल. तेव्हा तिच्या जोरावर पुण्यात बसून अमेरिकेतल्या संगणकावर काम करता येऊ लागले. शुल्कमुक्त आयात आणि आयकरातील सूट या सवलती होत्याच. योजनेच्या यशाचे श्रेय बहुधा करसवलतीला दिले जाते, पण नफ्यावरच्या कराची सूट नफा झाल्यावर कामी येते. लाइन पहिल्या दिवसापासून लागते.

कागदपत्रांतही नवी वाट काढावी लागली. तारेतून गेलेला माल कस्टमला दिसत नाही, मग निर्यात झाली हे ठरवायचे कसे? त्यासाठी सॉफ्टेक्स फॉर्म आला: कंपनीने बिलाचा तपशील भरायचा आणि एसटीपीआयने तो प्रमाणित करायचा. जुन्या शिस्तीचा काच मात्र राहिलाच. शुल्क न भरता आणलेले संगणक कस्टमच्या बाँडखाली, म्हणजे सवलतीच्या अटी पाळण्याच्या लेखी हमीखाली असत, त्यामुळे एखादे यंत्र दुसऱ्या इमारतीत न्यायचे तरी परवानगी लागे.

आयकरातील सूट मार्च २०११ अखेर संपली. तोवर २००५ च्या कायद्याखालील विशेष आर्थिक क्षेत्रांत नवी सूट मिळू लागली होती आणि बऱ्याच कंपन्यांनी नवी कामे तिकडे वळवली. योजनेचा सारा रोख निर्यातीवर होता. देशी ग्राहकासाठीचे सॉफ्टवेअर त्यामुळे मागे पडले, आणि यंत्रे शुल्कमुक्त आयात होत असल्याने हार्डवेअरच्या देशी कारखान्यांना या भरभराटीचा फारसा लाभ झाला नाही. मोबाइल निर्मितीसाठी २०२० मध्ये उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना वेगळी आणावी लागली.